गाठ बसली

परवा सुनेनं माझ्यापुढं हिरव्या पुडीचा डबा आणून ठेवला. गव्हाच्या कोवळ्या पात्यांची पूड म्हणे. रोज सकाळी चमचाभर, कोमट पाण्यातून घ्यायची. रक्त सुधारतं, पोट साफ राहतं आणि कॅन्सर जवळ फिरकत नाही. हे शेवटचं ती जरा हळू आवाजात बोलली, कारण आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "उचल हे माझ्यासमोरून." पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या भल्यासाठीच आणली होती तिनं. पण 'भल्यासाठी' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, आज पन्नास वर्षं झाली तरी फिरतं. तिच्यावर उगाच खेकसले. का खेकसले ते तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधीच एक सांगते, पाल्यावर माझा राग नाही. अडुळशाच्या काढ्यावर आणि कडुलिंबाच्या पाण्यावर आम्ही वाढलो. उद्या एखाद्या शहाण्या डॉक्टरनं कुठल्या पानातून या रोगाचं औषध काढून दाखवलं तर सगळ्यात आधी मी हात जोडीन. दाखवू दे म्हणजे झालं. माझ्या आईनं एक्केचाळीस दिवस हिरवी पूड घेतली. त्या पुडीनं तिला काही केलं नसेल, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. पण ते एक्केचाळीस दिवस गेले, आणि त्यांचा राग मला अजून गिळवत नाही.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली. सोलापुरात गिरणीच्या मागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील गिरणीत होते, ते मी लहान असतानाच गेले. आई चोळ्या शिवायची. मशीन नाही, बिशीन नाही, सुई-दोरा आणि कात्री. आमच्या चाळीत निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या घरातल्या. आईला तेलुगू चार शब्दांपलीकडं येत नव्हतं, पण माप तिनं कधी टेपनं घेतलंच नाही. बाई दारात उभी राहिली की नुसती नजर टाकायची आणि म्हणायची, "उद्या ने." चोळी अंगाला बसायची. मी सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. लग्न व्हायचं होतं, नोकरी करणारी मुलगी म्हणून जमत नव्हतं. आई मला मास्तरीण म्हणायची, लाडात असली तरी मास्तरीण आणि टोमणा मारायचा असला तरी मास्तरीण.

तिचं दुखणं मला कळलं ते तिच्या चोळीवरून. धुणं वाळत घालत होते. तिच्या तिन्ही चोळ्यांची डावी शिवण उसवून ढिली केलेली, आणि वर इतके बारीक टाके घातलेले की दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मी चोळी हातात घेऊन आत गेले. "हे काय आहे?" ती म्हणाली, "काय न्हाई. आटली असंल." मी म्हटलं, "एकाच बाजूनं आटते होय?" मग तिनं माझा हात धरून तिथं ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. कधीपासून आहे विचारलं तर म्हणाली, संक्रांतीच्या आदीपासनं. आणि तेव्हा बाजारातले आंबे संपत आले होते.

दुसऱ्याच दिवशी तिला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या हे नशीब, नाहीतर ती पदर बाजूला करणारी नव्हती. बाईंनी दोन बोटांनी गाठ इकडून तिकडं सरकवून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "हलतेय. हलतेय तोवर बरं आहे. मोठे सर्जन महिन्यातून एकदा इथं येतात. आता तीन आठवड्यांनी येतील, तेव्हा कापून काढू. थांबायचं नाही." मला बाजूला घेऊन त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. मी ते नाव तोवर फक्त वाचलं होतं.

घरी येताना आई अर्ध्या वाटेत थांबली. मग म्हणाली, "नुसती गाठ काढत्यात का सगळंच?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, सगळं. ती म्हणाली, "मग मी चोळी कशी घालू?" मी चिडले. जीव वाचतोय आणि हिला चोळीचं पडलंय. आता मला कळतं की चाळीतल्या दीडशे बायकांच्या चोळ्या शिवणारी बाई दुसरं काय विचारणार. तेव्हा मात्र मी तिला रस्त्यात चारचौघांत बोलले.

त्याच आठवड्यात मामा आला. मोहोळच्या पुढं आमचं आजोळ, मामा तिथं शेती करायचा. आईपेक्षा धाकटा, तिच्यावर जीव टाकणारा. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. येताना धोतराच्या सोग्यात बांधून हिरवी पूड घेऊन आला. त्यांच्या गावापासून दोन कोसांवर माळावर एक म्हातारा राहायचा, मेंढरं राखायचा. जनावरांच्या गाठी तो पाल्यानं जिरवायचा, आणि माणसांच्याही जिरवल्यात असं मामा शपथेवर सांगत होता. "अक्का, लई गुणाचा मानूस हाय. नारळ सोडून काय घेत न्हाई. एक्केचाळीस दिस घ्यायची, तांबडं फुटायच्या वक्ताला, शिळ्या पान्यात. गाठ जागच्या जागी बसती बग."

पाला कुठला, ते म्हातारा सांगत नव्हता. सांगितलं तर गुण जातो म्हणे. आणि पथ्य एकच. तेल, तिखट, आंबट, सगळं चालतं. फक्त लोखंड शिवायचं नाही. पाला तोडताना लोखंड लावलेलं नसतं, दगडावर वाटलेला असतो, तेव्हा पुडी घेणाऱ्याच्या अंगाला एक्केचाळीस दिवस लोखंड लागता कामा नये. लागलं की पुडीतली ताकद लोखंड ओढून घेतं.

मी मामाला विचारलं, "आणि दवाखान्याचं काय?" तो म्हणाला, "ते बी करू की. आदी ही होऊ दे." कसं गोड वाटतं बघा ऐकायला. आधी ही होऊ दे. आईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मास्तरीण, डाक्टरची सुरी कशाची असती?" मला वाटलं हिला सुरीची भीती घालवायची आहे. मी म्हटलं, "पोलादाची असते, स्वच्छ, चकचकीत. उकळून घेतात." तिनं विचारलं, "आन पोलाद कशापासनं करत्यात?"

शाळेत वस्तुपाठ असायचा. कापूस, मीठ, कोळसा, लोखंड. लोखंडाचा पाठ मी त्याच पंधरवड्यात तिसरीला शिकवला होता. तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडलं. "लोखंडापासून." आई म्हणाली, "मग झालं की." आणि विषय संपला. जीभ हासडून टाकावी असं मला त्यानंतर किती वेळा वाटलं असेल.

भांडले मी. खूप भांडले, दोन दिवस जेवले नाही. पण खरं लिहायचं तर तिसऱ्या दिवशी मीही ढिली पडले. आई पुडी घेऊन इतकी खुशीत होती. तिला भूक लागायला लागली, रंग जरा उजळला, गाणं गुणगुणत भांडी घासायला लागली. सुरी टळली म्हणून खूश होती ती, पुडीनं नव्हे. मला तेव्हा एवढी अक्कल नव्हती. मला वाटलं, पुडी लागू पडली तर? पडत असेल तर मी का आड येऊ?

आणि एकदा मान तुकवली म्हटल्यावर मी ते पथ्य असं पाळलं की बघायला नको. घरातलं लोखंड मी स्वतः गोळा केलं. तवा, विळी, चिमटा, फुंकणी, कात्री, सुयांची डबी, पिना, सगळं पोत्यात बांधून शेजारी ठेवायला दिलं. भाकरी खापरीवर, निम्म्या करपायच्या, निम्म्या कच्च्या राहायच्या. वांगी दगडावर फोडायची. चूल बांबूच्या नळीनं फुंकायची. दाराच्या कडीला मी चिंध्या गुंडाळल्या. नळाची तोटी पितळेची आहे की नाही ते मी गिरणीच्या फिटरला विचारून आले. आईला शिवण बंद. चाळीतल्या बायका चोळखण घेऊन यायच्या आणि मी त्यांना दारातूनच घालवायचे. एक तेलुगू म्हातारी तिला भेटायला आली, तर मी तिच्या कमरेची किल्ली बाहेर काढून ठेवायला लावली. म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली.

अठराव्या दिवशी दवाखान्याची आया चिठ्ठी घेऊन आली. सर्जन उद्या येताहेत, पेशंटला आज संध्याकाळी भरती करा, रात्रीपासून पोटात काही द्यायचं नाही. आई दारामागं उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिनं नुसते हात जोडले. माझ्यापुढं, स्वतःच्या मुलीपुढं. मी त्याच चिठ्ठीच्या मागं उत्तर लिहिलं. 'तूर्त येणे होत नाही. घरगुती औषध चालू आहे. पुढील खेपेस अवश्य येऊ.' माझं अक्षर फार सुरेख होतं, शाळेत वाखाणलं जायचं. 'अवश्य' हा शब्द मी किती छान काढला होता तो मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. आयानं चिठ्ठी घेतली, मला म्हणाली, "बाई, पुन्हा विचार करा." मी तिला म्हटलं, "आमचा विचार झालाय."

चौतिसाव्या की पस्तिसाव्या दिवशी आई सकाळी मोरीतून बाहेर आली ती हसतच. "मास्तरीण, बसली गं."

"काय बसली?"

"गाठ. हलत न्हाई आता. आदी बोटाखाली पळायची, आता जागची हलत न्हाई. बसली."

मामा त्या दिवशी योगायोगानं बाजाराला आला होता. त्यानं ऐकलं आणि रडायलाच लागला. मग बत्तासे आणून चाळभर वाटले. "सांगितलं न्हवतं? जागच्या जागी बसती म्हनून?" घरोघर जाऊन तो हेच सांगत होता. आणि मीही बत्तासा खाल्ला. गळू बसतं म्हणजे जिरतं, सूज बसते म्हणजे उतरते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण दोऱ्याची गाठ बसते म्हणजे काय होतं? घट्ट होते, सुटत नाही. ज्या बाईनं जन्मभर दोऱ्याला गाठी मारल्या तिला ते सुचलं नाही. जी पोरींना एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवते तिलाही सुचलं नाही. एक हात लावून बघावं, लहान झाली की मोठी, एवढंसुद्धा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई लाजायची, मामा पुरुष माणूस, आणि मी बत्तासे वाटण्यात गुंग.

एक्केचाळीस दिवस झाले त्या दिवशी आईनं नवं लुगडं नेसलं. दवाखान्यात जाऊन बाईंना दाखवून येऊ म्हणाली, त्यांनी काळजी केली होती, त्यांनाही बरं वाटेल. वाटेत तिनं बाईंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

बाईंनी दोन बोटं ठेवली आणि गाठ सरकवायला बघितली. एकदा, दोनदा. मग पूर्ण हात लावला. काखेत बघितलं. "कधीपासून हलत नाही?" आई हसून म्हणाली, "बसली की बाई, आठ दिस झाले." बाईंनी माझ्याकडं बघितलं. माझी चिठ्ठी त्यांनी काढून दाखवली नाही. दाखवायला हवी होती. आईला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं की गाठ खाली बरगड्यांना धरली आहे, काखेतही उतरली आहे. पुढच्या आठवड्यात सर्जन आले, त्यांनीही बघितलं. आता कापण्यात अर्थ नाही, नुसता त्रास होईल, असं त्यांचं मत पडलं. मी विचारलं, मागच्या खेपेला आलो असतो तर? ते म्हणाले, खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण संधी होती. बाहेर आले तर आई बाकावर बसून शेजारच्या बाईला पुडीचं पथ्य सांगत होती.

कुणावर रागावू मी? म्हाताऱ्यानं लुबाडलं असतं तर बरं झालं असतं, भर चौकात त्याच्या नावानं खडे फोडले असते. तो तर नारळावर खूश होता. आणि त्यालाही ते खरंच वाटत होतं. मामा तर बहिणीसाठी उन्हातान्हात दोन कोस चालत गेला होता. सगळे भले. सगळ्यांनी भल्यासाठी केलं. एकही नालायक माणूस सापडत नाही या सगळ्यात, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पुढं सात-आठ महिने गेले. गाठ फुटली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. शेवटी शेवटी आई कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. मामा मध्यंतरी त्या म्हाताऱ्याकडं जाऊन आला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लोखंड लागलं का?" आणि आमच्या मामानं तोच प्रश्न उचलून आईच्या उशाशी आणला. "अक्का, आठव की. कुटं चुकून लागलं का?" मी त्याच्यावर अशी धावून गेले की अख्खी चाळ गोळा झाली. म्हटलं, "मरणाऱ्या माणसाला जाब विचारतोस? चालता हो. पुन्हा पायरी चढलास तर बघ." तो पागोटं काखेत मारून रडत गेला. आई भिंतीकडं बघत पडून होती.

तो गेल्यावर बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मास्तरीण, ओरडनार न्हाईस न्हवं?"

म्हटलं, "नाही. काय झालं?"

"तुज्या शाळंत सायेब यायचा हुता बग, तपासनीला. तुजी ती निळी चोळी दंडापाशी उसवलेली. तू तशीच घालून जानार हुतीस. साळंत चार मानसं बगत्याली, मास्तरनीची चोळी फाटकी." ती दम खायला थांबली. "तू न्हायला गेलीस तवा शेजारनं सुई आनली. दोनच टाकं घातलं. फडक्यात धरून घातलं, पन सुई बोटाला लागली. थोडं रगत बी आलं."

मी लगेच म्हणायला हवं होतं, "वेडी आहेस का आई, दोन टाक्यांनी काय होतंय?" म्हटलंही मी. पण लगेच नाही म्हटलं. त्याआधी मी मनात मोजलं. साहेब आले तो शुक्रवार, म्हणजे पुडीचा तिसावा दिवस. गाठ घट्ट झाली ती त्याच्यानंतर चार-पाच दिवसांनी. जुळत होतं. आणि जुळतंय म्हटल्यावर मला तिचा राग आला. कशाला शिवलीस? तुला कुणी सांगितलं होतं? मी तुझ्यासाठी दाराच्या कडीला चिंध्या बांधल्या आणि तू सुई हातात घेतलीस? एक क्षण असेल किंवा दोन क्षण असतील. पण ज्या थोतांडामुळं माझी आई मरत होती त्यावर त्या दोन क्षणांत माझा पूर्ण विश्वास होता, मामापेक्षाही जास्त.

आई नजरेनं माप घेणारी बाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तिला जे बघायचं होतं ते दिसलं. म्हणाली, "व्हय गं बाई. माजंच चुकलं."

त्यानंतर ती नऊ दिवस होती. रोज मी तिला सांगत होते की तुझं काही चुकलं नाही, पथ्यात काही अर्थ नव्हता, चूक माझी होती, चिठ्ठी मी लिहिली. ती माझा हात थोपटायची आणि "बरं" म्हणायची. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.